सहायकाचा सहायक

कॉलेजचं पत्र आलं तेव्हा काका गॅलरीत उभे राहून एका चांगल्या धुतलेल्या उशीच्या अभ्र्यावर गंजक्या खिळ्याचा डाग पाडत होते. मुद्दाम डाग पाडणारा माणूस पाहून शेजारच्यांना पूर्वी काळजी वाटायची. आता वाटत नसे. काका चौतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि निवृत्त झाल्यापासून 'डाग आणि उपाय' नावाची वेबसाइट चालवत होते. शाई, चहा, रक्त, गवत, ग्रीस, बीट, नेलपॉलिश असे दोनशे अकरा डाग तिच्यावर होते आणि प्रत्येक डागाला स्वतःचं पान होतं. गंज हा दोनशे बारावा.

पत्र असं होतं: महाविद्यालयाच्या सर्व्हरवर विनामूल्य जागा वापरणाऱ्या सर्व संकेतस्थळांचा आढावा घेण्याचे ठरले आहे. ज्या संकेतस्थळांवर वाचकांचा सहभाग असमाधानकारक आढळेल ती तीस तारखेस बंद करण्यात येतील. चालकांनी सोबत दिलेल्या ए. आय. विश्लेषण सहायकास आपल्या संकेतस्थळाची पार्श्वभूमी पुरवावी व त्याचा अहवाल घेऊन समितीपुढे समक्ष हजर राहावे.

दुसरा कुणी असता तर 'बंद' या शब्दापाशी अडला असता. काका 'सहायक' या शब्दापाशी अडले. चौतीस वर्षं ते स्वतः सहायक होते. प्राध्यापकांनी "अहो, जरा ते द्या" म्हटलं की 'ते' म्हणजे कुठली बाटली हे पाठीमागून ओळखायचं, हे त्यांचं काम. आपल्या हाताखाली एखादा सहायक असावा, त्याला आपणही "अहो, जरा ते द्या" म्हणावं, ही इच्छा त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. ती आता पोस्टानं घरी आली होती.

"मला सहायक मिळालाय," त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काकूंना सांगितलं.

"त्याला सांगा, आधी गॅलरी आवर," काकू म्हणाल्या.

काका कॉम्प्युटरपुढे बसले. पत्रातला पत्ता एक एक अक्षर बघत टाइप केला. पडद्यावर एक रिकामी चौकट उघडली आणि तिच्या वर लिहिलेलं होतं, 'नमस्कार. मी आपला विश्लेषण सहायक. आपल्या वेबसाइटविषयी मला थोडी पार्श्वभूमी सांगितलीत तर मी आकड्यांचा अर्थ अधिक नीट लावू शकेन.' काकांना हा उद्धटपणा वाटला. नव्यानं रुजू झालेल्या माणसानं पहिल्याच दिवशी साहेबाला प्रश्न विचारायचे नसतात. त्यांनी चौकट तशीच रिकामी ठेवली आणि लिहिलं, 'आधी अहवाल सादर करा.'

सहायकानं चार सेकंदांत अहवाल सादर केला. महिन्याला साधारण नऊ हजार माणसं येतात. सरासरी माणूस अठ्ठेचाळीस सेकंद थांबतो. शंभरातले एक्याण्णव जण एकच पान बघतात आणि निघून जातात. पार्श्वभूमी नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही, पण सर्वसाधारणपणे असे आकडे असले की मजकूर वाचकांना आवडला नाही असं समजतात.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा अठ्ठेचाळीसच राहिला. चहाच्या डागावर त्यांनी पाच परिच्छेद लिहिले होते. त्यातला दुसरा परिच्छेद टॅनिन या पदार्थाविषयी होता आणि तो लिहून झाल्यावर ते स्वतःच थोडा वेळ स्तब्ध बसले होते. अठ्ठेचाळीस सेकंदांत माणूस तिथवर पोचतसुद्धा नाही.

अहवालाच्या शेवटी मात्र एक दिलासा होता. 'आपला एक अत्यंत निष्ठावान वाचक आहे. तो आपल्याच शहरातला आहे. दिवसातून सरासरी चाळीस वेळा येतो, मुखपृष्ठ बघतो आणि जातो. रविवारीसुद्धा येतो.' काकांनी ती ओळ दोनदा वाचली. नऊ हजारांत एक का होईना, कदर असलेला माणूस निघाला होता.

ही बातमी जिन्यात पसरायला अर्धा तास लागला. तळमजल्यावर निवृत्त हेडक्लार्क राहत. नोंदणी कार्यालयात आयुष्य घालवल्यामुळे त्यांना वाण्याकडच्या यादीवरसुद्धा जावक क्रमांक टाकायची सवय होती. वरच्या मजल्यावर विम्याचं काम करणाऱ्या वहिनी होत्या, ज्यांच्याशी जिन्यात दोन मिनिटं बोललेला माणूस पॉलिसी घेतल्याशिवाय घरी पोचल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दोघंही त्याच संध्याकाळी काकांच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसले.

"पार्श्वभूमी मागितली आणि तुम्ही दिली नाही?" हेडक्लार्कांनी पत्र उजेडात धरलं. "मागितलेली माहिती न पुरवणं म्हणजे हातानं फाइल बंद करणं."

"आणि तो रोज येणारा वाचक कोण आहे ते शोधा," वहिनी म्हणाल्या. "त्याला एखादी डायरी भेट द्या. असा माणूस हातचा जाऊ द्यायचा नसतो."

हे दुसरं काकांना एकदम पटलं. पण आधी पार्श्वभूमी.

त्यांनी दोन दिवस बसून पार्श्वभूमी लिहिली. पार्श्वभूमी म्हणजे मागची बाजू, तेव्हा मागूनच सुरुवात केली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. लहानपणी शाईची दौत सांडून खाल्लेला मार, प्रयोगशाळेतला पहिला दिवस, ब्रोमिनची बाटली फुटली तो प्रसंग, विभागप्रमुखांच्या कोटावर पडलेलं पोटॅशियम परमँगनेट आणि त्या वेळी दाखवलेलं प्रसंगावधान, असं सगळं अकरा पानांत आलं. चौकटीत तीन हजारच अक्षरं मावत होती, हे मजकूर चिकटवल्यावर कळलं. पार्श्वभूमी विभागप्रमुख कोट काढायला लागतात तिथे तुटली.

सहायकानं ती मनापासून वाचली असावी. त्याचं उत्तर आलं, 'धन्यवाद. म्हणजे ही एका व्यक्तीच्या आठवणींची वेबसाइट आहे. तसं असेल तर वाचक अठ्ठेचाळीस सेकंदांत जातात हे काळजीचं आहे. बालपणीची छायाचित्रं घातल्यास मदत होईल. विभागप्रमुखांचं पुढे काय झालं?'

शेवटचा प्रश्न वाचून काकांचं सहायकाविषयी बरंचसं चांगलं मत झालं. पण छायाचित्रं त्यांच्याकडे दोनच होती आणि एकात ते रडत होते.

मग हेडक्लार्कांनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी खुर्ची ओढली, बाह्या सारल्या आणि काकांना टाइप करायला बसवलं. "विषय," त्यांनी सांगितलं. "त्याखाली संदर्भ. संदर्भात त्यांचंच पत्र घ्या. मग, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की." संपूर्ण पार्श्वभूमीत 'डाग' हा शब्द एकदाच आला, तोही 'वस्त्रांवरील अनिष्ट खुणांचे निवारण व तदनुषंगिक बाबी' या मथळ्याला पर्याय म्हणून कंसात. शेवटी 'माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर' होतं.

सहायकानं उत्तर दिलं की, सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर लोक थोडाच वेळ थांबतात हे नेहमीचं आहे. मात्र तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, कार्यालयाची वेळ आणि अर्जाचा नमुना कुठे दिसत नाही, ते द्यावं.

"माणसाला जाण आहे," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी घरी जाऊन अर्जाचा नमुना तयारही करून आणला. बीटचा डाग काढायचा असेल तर अर्जदारानं डाग पडल्याचा दिनांक, वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या द्यायच्या होत्या. काकांनी तो कागद फार आदरानं ड्रॉवरमध्ये ठेवला.

तोपर्यंत वीस तारीख उजाडली. काकांची झोप उडाली नाही, कारण त्यांची झोप चांगली होती, पण जेवताना त्यांचं लक्ष लागेना. दोनशे अकरा डाग त्यांनी एकेक करून जमवले होते. कॉलेजात आता त्यांना ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. त्या सर्व्हरवरची तेवढी जागा हीच त्यांची तिथली शेवटची खुर्ची होती. ती गेली की गेलं सगळं. हे ते कुणाशी बोलले नाहीत. काकूंनी विचारलं, "कमी का जेवताय?" तर म्हणाले, "मीठ जास्त झालंय," आणि त्यावरून वेगळंच सुरू झालं.

अशा मनःस्थितीत विमावाल्या वहिनींचा सल्ला कुणालाही पटला असता. "तुम्ही दोघंही त्याला इतिहास सांगत बसलात," त्या म्हणाल्या. "त्याला उद्देश सांगा. समितीला काय हवंय? माणूस थांबायला हवाय. मग लिहा, माझ्या वेबसाइटचा उद्देश माणसाला जास्तीत जास्त वेळ थांबवणं हा आहे. बास."

काकांनी एवढंच लिहिलं. सहायकानं आज्ञाधारकपणे उत्तर दिलं, की उद्देश तोच असेल तर उपाय सोपे आहेत. उत्तर पानाच्या सुरुवातीला देऊ नये. ते चार पानांत विभागावं. मध्ये एखादी प्रश्नमंजूषा घालावी. शेवटी त्यानं एक ओळ जोडली होती, 'मात्र हे वाचकांच्या सोयीचं आहे का, हे मला पार्श्वभूमीवरून समजत नाही.' ती ओळ काकांनी वाचली, पण माणूस बिलाच्या मागची बारीक अक्षरं वाचतो तशी वाचली.

प्रश्नमंजूषा म्हटल्यावर काकांच्या अंगात मास्तर संचारला. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका वाटल्या होत्या. आता स्वतः काढायला मिळत होती. तीन दिवस, तीन दुपारी खपून त्यांनी मुख्य चाळीस डागांना प्रश्न जोडले. प्रत्येक डागाला तीन प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. तिन्ही बरोबर आले की मगच उपायाचं पान उघडायचं.

चोवीस तारखेला सरासरी वेळ चार मिनिटं दहा सेकंद झाला. काकांनी वहिनींना जिन्यात गाठून आकडा सांगितला. वहिनींनी अभिनंदन केलं आणि त्यांना अपघात विम्याचं माहितीपत्रक दिलं.

पंचवीस तारखेला पत्रं यायला लागली. म्हणजे ई-मेल. एवढ्या वर्षांत काकांना वाचकांची सहा पत्रं आली होती आणि त्यातली दोन चुकून आली होती. त्या दिवशी एकोणतीस आली. एका तरुणानं लिहिलं होतं की, नोकरीच्या मुलाखतीला निघताना खिशातलं पेन गळलं. तुमचा दुसरा प्रश्न 'शाईतील रंगद्रव्य कोणत्या प्रकारचे असते' हा होता. तो मी तीनदा चुकलो. शेवटी मी छातीशी फाइल धरून मुलाखत दिली आणि त्यांनी फाइल मागितली. एका हॉटेलातल्या कपडे धुणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं की, मी तुमची वेबसाइट सहा वर्षं वापरते, आमच्याकडे सगळ्या जणी वापरतात, तुमची तब्येत ठीक आहे ना? एकानं फक्त 'पर्याय ड' एवढंच लिहिलं होतं. त्या दोन शब्दांत जो राग होता तो काकांना आजवर कुठल्याही सविस्तर पत्रात आढळला नव्हता.

"सहभाग वाढलाय," काका काकूंना म्हणाले. आवाजात दम नव्हता.

आता समितीपुढे जायचा दिवस. अठ्ठावीस तारीख, सकाळी अकराची वेळ. काकांनी साडेनऊलाच पांढरा शर्ट घातला, अहवालाच्या प्रतीवर सही करायला पेन उघडलं, ते चालेना म्हणून झटकलं, आणि पेन चाललं. खिशापासून पोटापर्यंत निळे शिंतोडे उडाले आणि एक चांगला रुपयाएवढा थेंब तिसऱ्या बटणाशी बसला.

काका अजिबात घाबरले नाहीत. दोनशे अकरा डागांचा माणूस शाईला घाबरत नाही. फक्त त्या क्षणी त्यांना शाईचं काहीही आठवेना. असं होतं. पोहणाऱ्यालाही होतं. त्यांनी शर्ट काढला, बनियनवर कॉम्प्युटरपुढे बसले आणि स्वतःची वेबसाइट उघडली. शाई. पुढे जा. प्रश्न पहिला. बरोबर. प्रश्न दुसरा, शाईतील रंगद्रव्य. बरोबर. प्रश्न तिसरा, 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही असे म्हणता येणार नाही?' हा प्रश्न काढताना काकांना स्वतःचा फार अभिमान वाटला होता. त्यांनी ब निवडला. चूक. क निवडला. चूक. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा, असं पडद्यावर आलं. मांडीवरच्या शर्टात डाग पसरत होता.

काकू आत आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बनियनकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. शर्ट उचलून मोरीत नेला. मागोमाग काकाही गेले. काकूंनी कापड उलटं केलं, डागाच्या मागच्या बाजूनं थंड पाण्याची धार सोडली, मग वाटीभर दुधात तेवढा भाग बुडवला, बोटांनी चेपत राहिल्या, पुन्हा धार, मग साबण. एवढ्या वेळात त्यांनी एकदा फक्त नळ मोठा केला.

"हे तू कुठे वाचलंस?" काकांनी विचारलं.

"मी कशाला वाचू? तुम्ही माझ्याकडून ऐकून लिहिलंय. चौतीस वर्षं तुमचे कोट कोण धूत होतं?" काकूंनी शर्ट पिळला. "आणि माणूस तुमच्या त्या वेबसाइटवर कधी येतो, सांगा मला. बसून वाचावंसं वाटतं तेव्हा येतो का? अंगावर काहीतरी सांडलेलं असतं. एका हातात ओला कपडा, दुसऱ्या हातात फोन. ओला डाग कुणासाठी थांबतो का? त्याला उपाय मिळाला की तो पळणारच. तो लवकर पळाला तर बरं झालं म्हणायचं. हे सांगितलंत का तुमच्या त्या सहायकाला?"

काका मोरीच्या उंबऱ्यावर उभे राहिले. अकरा पानांत, विषय आणि संदर्भांत, उद्देशांत, कुठेही हे त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना ते माहीतच नव्हतं असं नव्हे. पण आपल्या टॅनिनच्या परिच्छेदावरून लोक ओला कपडा घेऊन धावत जातात, हे चित्र त्यांनी डोळ्यांपुढे आणायचं टाळलं होतं.

"दहा वाजायला आलेत," ते म्हणाले. "तू सांग, मी लिहितो."

काकूंनी शर्टावर इस्त्री फिरवत सांगितलं आणि काकांनी एकही शब्द न वाढवता लिहिलं. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात अवघड प्रयोग होता.

'इथे माणूस डाग पडल्यावर येतो. तो घाईत असतो. त्याला एकच डाग काढायचा असतो, म्हणून तो एकच पान बघतो. उपाय मिळाला की जातो. जास्त वेळ थांबला किंवा दुसऱ्या डागांची पानं शोधत फिरला, तर समजावं की त्याला उपाय मिळाला नाही. गेल्या चार दिवसांतले आकडे धरू नयेत, त्या वेळी पानांवर प्रश्न होते. ते आता काढलेत.' इथे काकांनी उठून खरोखरच प्रश्न काढले. "आणि दिवसातून चाळीस वेळा येणारा," काकू इस्त्री थांबवून म्हणाल्या, "तो कोण हे तुम्हाला अजून कळलं नाही?"

काकांना कळलं. सकाळी उठल्यावर एकदा, चहानंतर एकदा, पेपर वाचून झाल्यावर, आंघोळीला जाताना, आंघोळ करून आल्यावर. वेबसाइट जागेवर आहे ना, हे बघायला. बरं झालं, डायरी अजून आणली नव्हती. त्यांनी लिहिलं, 'दिवसातून चाळीस वेळा येणारा वाचक म्हणजे मी. मला मोजू नये.'

सहायकानं या वेळी थोडा वेळ घेतला. मग लिहिलं, 'आता आकडे वेगळे दिसतात. आधीच्या अहवालात मी काढलेला अर्थ चुकीचा होता. शंभरातले एक्याण्णव जण एका मिनिटाच्या आत उपाय घेऊन गेलेले दिसतात आणि त्याच डागासाठी पुन्हा आलेले नाहीत. त्यांचा डाग गेलाच असेल असं मी सांगू शकत नाही, पण तशी शक्यता मोठी आहे. सतरा पानांवर मात्र लोक पाच-सहा मिनिटं अडकतात आणि इतर पानं शोधत फिरतात. ती यादी खाली देत आहे. तिथे उपाय सापडायला कठीण जात असावा.'

काकूंनी काकांच्या खांद्यावरून यादी वाचली. "ही तुम्ही मला न विचारता लिहिलेली," त्या म्हणाल्या.

काकांनी यादी पुन्हा पाहिली. एकूण एक.

समितीला काकू सोबत आल्या. शर्टाची तिसऱ्या बटणाजवळची जागा अजून दमट होती आणि ती वाऱ्यानं वाळावी म्हणून रिक्षात त्यांनी काकांना बाहेरच्या बाजूला बसवलं होतं. सभागृहात लांबलचक टेबलापलीकडे उपप्राचार्य, त्यांच्या एका बाजूला संगणक विभागातल्या बाई आणि दुसऱ्या बाजूला डुलक्या देणारे एक प्राध्यापक. काकांच्या आधी माजी विद्यार्थ्यांच्या कवितांची वेबसाइट मंजूर झाली होती. तिथे वाचक सरासरी नऊ मिनिटं थांबत होते. त्याचं कारण, पान उघडायलाच सात मिनिटं लागत, हे संगणक विभागातल्या बाईंनी हळूच सांगितलं, पण ते इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

"अठ्ठेचाळीस सेकंद," उपप्राचार्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "नियम किमान दोन मिनिटांचा आहे."

काकांनी सहायकाचा अहवाल पुढे केला. उपप्राचार्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, ही गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. "तुमचं म्हणणं मला व्यक्तिशः पटतं," ते म्हणाले. "पण तक्त्यात रकाना वेळेचा आहे. पटण्याचा रकाना नाही. लवकर जाणारा वाचक चांगला, असं मी कुठे लिहू?"

आयुष्यभर काकांनी रकाने असलेली कागदपत्रं भरली होती आणि रकान्याशी वाद घालता येत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी अहवालाची घडी घालायला घेतली. कॉलेजातली आपली जागा गेली, हे त्यांनी मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं.

"एक विचारू का?" काकू म्हणाल्या. समितीपुढे नातेवाइकांनी बोलायचं की नाही याचा नियम नव्हता, म्हणून उपप्राचार्यांना हो म्हणावं लागलं. काकूंनी दाराशेजारच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. "त्याच्यापाशी माणसं दिवसातून किती मिनिटं थांबतात?"

"तिथे कशाला थांबतील?"

"मग ते काढून टाकणार आहात का तीस तारखेला?"

डुलक्या देणारे प्राध्यापक जागे झाले. संगणक विभागातल्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. उपप्राचार्यांनी नळकांड्याकडे बराच वेळ पाहिलं. पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळला. त्यांना विनोद कळला होता म्हणून नाही. त्यांना रकाना सापडला होता.

"आपत्कालीन साधने," ते म्हणाले. "त्यांना वेळेची अट लागू नाही."

'डाग आणि उपाय' ही वेबसाइट सर्वानुमते कॉलेजच्या आपत्कालीन साधनांमध्ये वर्ग करण्यात आली. त्यामुळे मुखपृष्ठाला लाल पट्टी लावणं बंधनकारक झालं आणि वर्षातून एकदा अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घेणंही. पहिल्या तपासणीत त्या अधिकाऱ्यांनी वेबसाइट जमिनीपासून किती उंचीवर आहे हे विचारलं. हेडक्लार्कांनी काकांच्या वतीनं 'नियमानुसार' असं उत्तर लिहून दिलं आणि ते मान्य झालं.

ती सतरा पानं काकूंनी पुन्हा सांगितली आणि काकांनी लिहून घेतली. मग बाकीचीही घेतली. प्रत्येक डाग चार ओळींत बसला. पहिल्या ओळीत पाणी थंड की गरम, दुसरीत काय लावायचं, तिसरीत किती वेळ, चौथीत काय करू नये. काकांचा टॅनिनचा परिच्छेद काकूंनी काढला तेव्हा काका खिडकीबाहेर बघत होते. पार्श्वभूमीच्या चौकटीत सहायकानं विचारलं होतं, की हे उपाय कुणी तपासलेले असतात? काकांनी आधी 'मी' लिहिलं, मग ते खोडून 'घरातूनच' लिहिलं, मग तेही खोडलं आणि सरळ लिहिलं, 'माझी पत्नी. मी डाग पाडतो.'

काकूंनी ते वाचलं आणि त्यांच्यासाठी एक सोय केली. तळाशी एक वेगळं पान, नाव 'ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी'. तिथे काकांनी हवं तेवढं लिहावं. काकांनी पहिला लेख गंजावर लिहिला. लोखंड, हवा, आर्द्रता आणि माणसाचं नशीब यांचा त्यात सविस्तर विचार होता. महिन्याअखेर सहायकाचा अहवाल आला. मुख्य पानांवरून सरासरी माणूस एकतीस सेकंदांत निघून गेला होता. सहायकानं त्याबद्दल अभिनंदन केलं होतं. गंजाच्या लेखाला वाचक तीन. एक हेडक्लार्क, कारण त्यांनी शुद्धलेखनाच्या नऊ चुका वहीच्या पानावर लिहून आणून दिल्या होत्या. दुसरी वाचक म्हणजे विमावाल्या वहिनी, कारण त्यांनी दोन सेकंदांत लेख आवडल्याचं जिन्यात सांगितलं होतं. तिसरा वाचक मात्र अनोळखी. रोज दुपारी अडीचच्या सुमारास येतो, थोडं थोडं वाचतो, काल शेवटपर्यंत पोचला. एकूण वेळ त्रेपन्न मिनिटं.

दुपारी अडीचला काका नेमाने झोपलेले असत, म्हणजे या वेळी ते स्वतः नव्हते, हे नक्की. त्यांनी सहायकाला विचारलं, हा कोण? सहायकानं लिहिलं की, कोण ते मला कळत नाही, एवढंच कळतं की फोनवरून वाचतात आणि सावकाश वाचतात.

काका तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. काकू भाजी चिरत होत्या. त्रेपन्न मिनिटं, काकांनी सांगितलं. आणि सावकाश. कुणीतरी जाणकार असावा. बहुतेक प्राध्यापक.

"असेल कुणी रिकामा," काकू म्हणाल्या.

काका कागदाची घडी घालून खिशात ठेवत दाराकडे वळले. काकूंनी सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"दुसऱ्या परिच्छेदात तेवढं बदला," त्या म्हणाल्या. "मीठ आधी, लिंबू नंतर. तुम्ही उलटं लिहिलंय."